पहाटे पाचची हजेरी

या सदरातले लोकांचे अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वाचून हसलोय. रिकाम्या घरात पैंजण वाजले, वडाखाली पांढऱ्या साडीतली बाई दिसली... बायकोला वाचून दाखवायचो आणि म्हणायचो, यांना रात्रीचं जेवण पचत नाही. आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "लिहा, लिहा. आता तुमचं वाचून लोक हसतील." हसू द्या. माझी ना नाही.

अशा गोष्टींवर माझा नुसता अविश्वास होता असं नाही, आमच्या घरात त्यांना बंदीच होती. आम्ही बौद्ध. वडील शाळेत शिपाई, पण विचाराचे पक्के. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या. लहानपणी गल्लीतून कुणाच्या अंगात आल्याची गोष्ट ऐकून आलो की वडील एकच विचारायचे — "तू पाह्यलं का? सोताच्या डोळ्यानं?" न पाहिलेलं बोलायचं नाही, हा घरचा कायदा. म्हणून इथंही जे पाहिलं तेवढंच लिहितो.

माझी नोकरी जनावरांच्या दवाखान्यातली. हुद्दा पशुधन पर्यवेक्षक, पण लोक डॉक्टर म्हणायचे आणि मी काही दुरुस्त करत नसे. सेनगाव तालुका, गोरेगावच्या बाजूचं एक लहान गाव. गावाचं नाव देत नाही, कारण पुढे एक चूक येणार आहे आणि ती माझ्या एकट्याची आहे. हिंगोली जिल्हा व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती, आमचे कागद परभणीलाच जायचे. भाड्याच्या दोन खोल्या, पुढे ओटा, खाली शहाबादी फरशी. घरात आम्ही दोघंच. सुनंदा, म्हणजे माझी बायको, गावातल्या शाळेत शिकवायची. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं.

आता सटवाजी मामा. हे मेंढपाळ. शे-दीडशे मेंढ्या, एक तट्टू, दोन कुत्री आणि बायको भागामामी, एवढा त्यांचा संसार. खरीप निघालं की त्यांचा तळ एका वावरातून दुसऱ्या वावरात. शेतकरी बोलावतो, मेंढ्या तीन-चार रात्री त्याच्या वावरात बसतात, जमिनीला खत होतं, यांना धान्य मिळतं. मग पुढचं वावर. पुढचं कोणतं, हे त्यांना स्वतःलाही आदल्या दिवसापर्यंत ठाऊक नसतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दिवाळीनंतर त्यांची एक मेंढी अडली. मी तळावर जाऊन दोन तास खटपट केली, मेंढी वाचली आणि जुळी कोकरं बाहेर आली. दुसऱ्या दिवशी मामा दवाखान्यात हजर. घोंगडीतून एक पिल्लू काढलं आणि टेबलावर ठेवलं. तांबूस रंगाचं, एक कान उभा, एक पडका.

"घ्या डाक्टर. दाराला राखण व्हईल."

"मामा, मला कुत्रं सांभाळायला वेळ कुठंय?"

"त्याला वेळ हाय. ते तुमाला सांभाळंल."

झालं. नाव विचारायचंही मला सुचलं नाही. सुनंदानं त्याचं नाव राजा ठेवलं. त्या नावाला त्यानं एकदाही मान वळवली नाही, ही गोष्ट वेगळी.

दवाखान्यात औषधाच्या काचेच्या बाटल्या लाकडी पेटीतून यायच्या. तसली एक मोठी पेटी मी आडवी केली, पुढून पट्ट्यांचं दार ठोकलं, आत पोतं अंथरलं. रात्री पिल्लू पेटीत, पेटी बाहेरच्या खोलीत. मोकळं सोडलं की ते सुनंदाच्या चपला खायचं, म्हणून हा बंदोबस्त.

पहिल्याच पहाटे, बरोबर पाचला, ते भुंकलं.

पिल्लं भुंकतातच. आईपासून तोडलेलं, नवी जागा, थंडी. मी सुनंदाला ऐटीत सांगितलं, "चार दिवस. चार दिवसांत गप्प होतं." माझ्याकडे एक इंग्रजी पुस्तक होतं, त्यात सगळे उपाय होते. मग मी उपाय सुरू केले... सलाईनच्या बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून आत ठेवलं. अलार्मचं घड्याळ टॉवेलात बांधून ठेवलं, टिकटिक ऐकून त्याला आईचं काळीज वाटावं म्हणून. पेटीवर पोतं टाकून अंधार केला. झोपायच्या आधी फिरवून आणलं. पुस्तकात लिहिलं होतं की भुंकताना दार अजिबात उघडायचं नाही, गप्प झालं की मगच उघडायचं, म्हणजे त्याला शिस्त लागते. शिस्त आम्हालाच लागली. तीन आठवडे झाले आणि आम्ही दोघं पाचाच्या ठोक्याला टक्क जागे. शेजारच्या घरातलं तान्हं लेकरू रडायला लागायचं आणि त्याची आजी भिंतीपलीकडून मला उद्देशून काय काय बोलायची, ते इथं लिहिता येत नाही.

सुनंदाच्या लक्षात आधी आलं. झोप मोडतेच म्हणून ती मग पाचच्या आतच उठून चूल पेटवायला लागली. एक दिवस म्हणाली, "अहो, ते आधी ऐकतं."

"काय ऐकतं?"

"ते मला काय माहीत. पण भुंकायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं असतं. कान पुढं, अंग थरथरतं. मग भुंकतं. भुंकतं, थांबतं. परत भुंकतं, थांबतं. तिसऱ्यांदा भुंकतं आणि गपकन झोपतं. रोज तीनच वेळा."

"उंदीर असेल."

"आणि दाराकडं तोंड करत नाही. भिंतीकडं करतं."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः उठून बघितलं. खरं होतं. पेटीचं दार पूर्वेला आणि पिल्लू पाठ करून कोपऱ्याला नाक लावून उभं. मी पेटी फिरवली. ते आतल्या आत फिरलं आणि पुन्हा त्याच कोपऱ्याकडे तोंड. बाहेर सोडावं म्हणून भुंकणारं पिल्लू दाराला नखं मारतं, रडतं. यात रडणं नव्हतं. कुणी हाक मारल्यावर आपण "ओ" देतो, तसं होतं ते. पण हे मी तेव्हा कबूल केलं नाही. तेव्हा मी म्हणालो, भिंतीत उंदराचं बीळ असणार.

सुनंदा शिक्षिका. तिनं पर्समधून खडू काढला आणि पिल्लाचं नाक ज्या दिशेला, त्या दिशेला फरशीवर रेघ ओढली. रोज. तीन-चार दिवस रेघेवर रेघ यायची, मग एका पहाटे रेघ सरकायची आणि पुढचे तीन-चार दिवस तिथंच. मी म्हणायचो, "भूगोल शिकवतेस का त्याला?" ती फरशी पुसताना तेवढा कोपरा सोडायची.

एका बुधवारी सटवाजी मामा दवाखान्यात औषधाला आले. तेव्हा औषध मोठ्या कॅनमधून यायचं आणि ज्यानं त्यानं आपली बाटली घेऊन यायची. मामांनी दोन बाटल्या आणल्या होत्या. एक पांढरी, एक हिरव्या काचेची. एक औषध जंताचं, मेंढ्यांना पाजायचं. दुसरं गोचिडांचं, पाण्यात मिसळून अंगाला लावायचं. हे दुसरं म्हणजे चक्क विष. पोटात गेलं तर जनावर तासभर काढत नाही. माझ्याकडे येणारे बरेच लोक न वाचणारे, म्हणून माझी एक पद्धत होती. पाजायच्या औषधाच्या बाटलीला मी गळ्याशी दोरा बांधायचो. दोरा म्हणजे पाजायचं, बिनदोऱ्याचं म्हणजे लावायचं. आठ वर्षांत एकदाही घोटाळा नाही.

बाटल्या भरता भरता मी म्हणालो, "मामा, तुमच्या पिल्लानं जीव नकोसा केलाय. रोज पहाटे पाचला भुंकून राहिलंय."

"पाचाला? बराबर हाय. त्याच टायमाला आमी वाघूर सोडतो." वाघूर म्हणजे रात्री मेंढ्या कोंडायचं जाळ्याचं कुंपण.

"तुम्ही तिकडं वाघूर सोडता ते त्याला इकडं कसं कळतं?"

"ते त्याला इचारा की," मामा म्हणाले आणि बाटल्या पिशवीत घातल्या.

मी नेहमीचं पाठ झालेलं वाक्य म्हटलं, "दोरावालं पाजायचं, बिनदोऱ्याचं लावायचं. कधी पाजणार?"

"आईतवारी. देवाचा वार हाय. निवद दाखवून, ऊन वर आलं का पाजीन."

"आणि सध्या तळ कुठं?"

"खालच्या अंगाला, बाभळीच्या नाल्यापाशी. उद्या हालणार. कुठं, ते न्हाई सांगता येत."

संध्याकाळी हे सगळं सुनंदाला सांगितलं. ती उठून कोपऱ्यात गेली आणि त्या आठवड्याच्या रेघेकडे बघत उभी राहिली. रेघ बरोबर बाभळीच्या नाल्याकडे होती. मी म्हणालो, योगायोग. गावाला चारच तर बाजू आहेत.

शनिवारी दुपारी दुसरा एक मेंढपाळ औषधाला आला. त्याच्या बाटलीला आधीच सुतळी बांधलेली होती. मी सहज विचारलं, ही कशाला? तो म्हणाला, "तट्टूवर अडकवायला साहेब. समदेच बांधतेत आमच्यात."

मी हातातलं नरसाळं खाली ठेवलं. मामांची हिरवी बाटली माझ्या डोळ्यांपुढे आली. तिच्या गळ्याला सुतळी होती. मी बांधलेली नव्हती, ती त्यांनी तळावरूनच बांधून आणली होती, तट्टूवर अडकवायला. आणि बोलण्याच्या नादात, गळ्याला दोरा दिसला म्हणून, मी तो आपणच बांधलाय असं धरून चाललो होतो. पांढऱ्या बाटलीत जंताचं औषध भरलं होतं, तिला दोरा बांधायचा राहूनच गेला. हिरव्या बाटलीत विष. आणि वर सांगितलं होतं — दोरावालं पाजायचं.

दीडशे मेंढ्या. त्या माणसाकडे जमीन नव्हती, घर म्हणावं असं घर नव्हतं, होतं ते सगळं चार पायांवर होतं. आणि उद्या आयतवार.

मोटारसायकल काढली. बाभळीचा नाला गाठला तर वावरात नुसत्या लेंड्या. तळ हललेला. रस्त्यात विचारलं तर एक म्हणाला गोरेगावच्या अंगानं गेले, दुसरा म्हणाला व्हय, तिकडंच पाह्यले. मी गोरेगावची बाजू पालथी घातली. एक तळ सापडला, तो दुसऱ्याच कुणाचा निघाला. दिवेलागणीला परत आलो तेव्हा अंगावर धुळीचा थर होता.

सुनंदानं सगळं ऐकून घेतलं. मग मला कोपऱ्यात नेलं. "शुक्रवारपासून रेघ इकडं आहे. नदीकडं." नदी म्हणजे कयाधू. गोरेगावच्या बरोबर उलट्या बाजूला.

मी तिच्यावर खेकसलो. "तुझ्या खडूच्या रेघेवर मी दीडशे जनावरं सोडून देऊ?"

ती शांतपणे म्हणाली, "तुमच्याकडं दुसरं काय आहे?"

मी अलार्म चारचा लावला.

पहाटे साडेचारला आम्ही स्वेटर-मफलर घालून पेटीपुढे बसलो. दोन शिकलेली माणसं, कुत्र्याच्या पिल्लापुढे मांडी घालून. आज ते आधीच उठून उभं राहिलं असेल असं सुनंदाला वाटत होतं, पण नाही, आपल्या वेळेलाच उठलं. अंग झाडलं. नदीकडे वळलं. कान पुढे, थरथर सुरू. बाहेर पान हलत नव्हतं. मी श्वास रोखून ऐकलं. मला काहीही ऐकू आलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. दहा मिनिटांनी ते भुंकलं. थांबलं. भुंकलं. थांबलं. भुंकलं.

एरवी ते मग झोपायचं. त्या दिवशी झोपलं नाही. पुन्हा कान पुढे करून उभं राहिलं.

"आज हे थांबत का नाही?" सुनंदा म्हणाली.

मी मोटारसायकल काढली. ती पेटी मांडीवर घेऊन मागे बसली. एवढी मोठी पेटी, थंडी मी म्हणत होती, आणि रस्ता म्हणजे नुसत्या बैलगाडीच्या चाकोऱ्या. दर फाट्यावर मी इंजिन बंद करायचो, ती पेटी खाली ठेवायची आणि आम्ही बॅटरीच्या उजेडात बघायचो. पिल्लाचं नाक जिकडे, तिकडे आम्ही. एका ठिकाणी माझं मन म्हणत होतं डावीकडे, कारण उजवीकडे नदीत पाणी आहे आणि मेंढ्या घेऊन कोण पाणी ओलांडेल. पिल्लू उजवीकडे वळलं आणि तीनदा भुंकलं. सुनंदा म्हणाली, "उजवीकडं." मी म्हणालो, "पाणी आहे." ती म्हणाली, "अहो, त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं." गुडघाभर पाण्यातून मी गाडी ढकलत नेली, ती पेटी डोक्यावर घेऊन मागून आली.

पलीकडे चढ. तो चढून जाईपर्यंत उजाडलं होतं आणि तुरीच्या शेंड्यांवर ऊन आलं होतं. चढावर पोचलो आणि समोरच्या रिकाम्या वावरात धूर दिसला, तट्टू दिसलं, मेंढ्या दिसल्या. गावापासून आम्ही नऊ किलोमीटर आलो होतो.

सटवाजी मामा उकिडवे बसले होते. एक मेंढी दोन्ही गुडघ्यांत धरलेली, डाव्या हातात बांबूची नळी, उजव्या हातात हिरवी बाटली. बूच निघालेलं होतं. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. ढेकळांतून पळत गेलो, एकदा पडलो, उठलो आणि जाऊन बाटली हिसकावली.

"एकीलाही पाजलं का? मामा, एकीलाही पाजलं का?"

"न्हाई की. ही पयलीच. काहून, काय झालं?"

मी तिथंच बसलो आणि रडलो. सांगताना लाज वाटत नाही. सगळं सांगितलं, दोऱ्याची चूक, विष, सगळं. मामांनी बाटली नाकाला लावली आणि म्हणाले, "वास आला व्हता मला, डाक्टर. पर म्हणलं, तुमी देलंय." त्या वाक्यानं मला जेवढं मारलं तेवढं कुणी शिव्या देऊनही मारलं नसतं.

ऊन वर आलं तरी पाजायला सुरुवात का झाली नव्हती, तेही कळलं. टिकली नावाच्या मेंढीचं कोकरू हरवलं होतं. मामा तासभर ते शोधत होते. आणि भागामामी अजूनही शोधत होत्या. त्या वाघुरापाशी उभ्या राहून हाका मारत होत्या, आवाज पार बसलेला.

सुनंदा पेटी घेऊन हळूहळू येत होती. तिनं पेटी जमिनीवर ठेवली. आता जे सांगतो ते आम्ही दोघांनी पाहिलं आहे, दिवसाच्या उजेडात, दहा हातांवरून.

भागामामींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "काळमुखे... बांडे... लांबकाने... खांडे..." एकेक नाव घ्यायच्या, कळपातून कुठून तरी "बें" यायचं, की पुढचं नाव. जिचं उत्तर येत नाही तिला तीनदा हाक. त्यांची मोजणी हीच होती. आकडा नव्हता, नावं होती. पेटीत पिल्लू उभं. कान पुढे, अंग थरथरतंय. नावं चालली. दहा मिनिटं गेली असतील. मेंढ्या संपल्या, कोकरं संपली, मग दोन्ही कुत्र्यांची नावं घेतली. आणि मग मामींनी नदीकडे, आम्ही आलो त्या दिशेला तोंड करून लांब हाक दिली —

"भिंगऱ्याऽऽ"

पेटीतून पिल्लू भुंकलं.

मामी दचकल्या. वळल्या नाहीत, तशाच उभ्या. हळूच पुन्हा म्हणाल्या, "भिंगऱ्या..." ते भुंकलं. आणि तिसऱ्यांदा त्यांनी फक्त ओठ हलवले, तरी भुंकलं.

सुनंदानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटांचे वण दोन दिवस होते. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. भीती नव्हती ती. आपण फार मोठ्या कशाच्या तरी जवळ उभे आहोत आणि ते आपल्याला पूर्वीच दिसायला हवं होतं, असं काहीतरी वाटलं. अजून नीट सांगता येत नाही.

मामींनी पेटीचं दार उघडलं, त्याला उराशी घेतलं आणि मग बोलल्या. "सासूची रीत हाय, बाई. जे कुणाला देलं, इकलं, हारपलं, त्याचं नाव वरीसभर सोडायचं न्हाई. सकाळच्याला समद्यांसंगं घ्यायचं. त्याला वाटू न्हाई, आपल्याला टाकलं म्हणून. मी रोज हाक देते. पर जबाब येतो हे मला काय ठावं?"

त्या पहाटे कोकरासाठी त्यांनी सगळी नावं पुन्हा पुन्हा घेतली होती. आठ वेळा की नऊ वेळा. म्हणून ते थांबत नव्हतं. कोकरू नंतर तुरीत सापडलं, झोपलेलं.

मी पिल्लू परत द्यायला निघालो होतो. मामी नको म्हणाल्या. "देलेलं माघारी घ्यायचं न्हाई. तुमच्या दाराशी ऱ्हाऊ द्या. मी हाक देते, तुमी त्याला बोलू द्या." त्या दिवसापासून आम्ही त्याला भिंगऱ्या म्हणायला लागलो आणि तो वळून बघायला लागला. पेटीचं दार मी काढून टाकलं. तरी पहाटे पाचला तो पेटीतच जाऊन उभा राहायचा आणि तीनदा भुंकायचा. भिंतीपलीकडच्या आजींना सुनंदानं सगळी हकिकत सांगितली. तेव्हापासून त्या शिव्या द्यायच्या थांबल्या आणि पाचला उठून नातवाला म्हणायच्या, "ऐक, हजेरी लागली."

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर एका आयतवारी मला साडेसहाला जाग आली. घर शांत. भिंगऱ्या पेटीत झोपलेला, पोट वरखाली होत होतं. तो भुंकलाच नव्हता. दुसऱ्या दिवशीही नाही. आठ-दहा दिवसांनी भागामामी गोरेगावच्या बाजारात भेटल्या. वडिलांचा मुलगा ना मी, आधी काही सांगितलं नाही, सरळ विचारलं, "मामी, भिंगऱ्याचं नाव अजून घेता का?"

"न्हाई बाबा. वरीस झालं की. मागच्याच्या मागल्या आईतवारी सोडलं."

तोच आयतवार.

मी माझ्या परीनं खूप डोकं चालवलं. थंडीत आवाज लांब जातो, मान्य. कुत्र्याला माणसापेक्षा जास्त ऐकू येतं, तेही मान्य. पण नऊ किलोमीटर, मध्ये चढ, नदी, आणि ओठांतल्या ओठांत घेतलेलं नाव? एका मोठ्या पशुवैद्याला विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

हे एवढ्यावर संपलं असतं तर मी कदाचित लिहिलंही नसतं.

नंतर बदली झाली. हिंगोली जिल्हा झाला आणि काही वर्षांनी आम्ही डोंगरकड्याला आलो, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. भिंगऱ्या म्हातारा झाला होता, तोंड पांढरं पडलेलं. आणि बहिरा. हे मी अंदाजानं म्हणत नाही, मी तपासलं होतं. कानाशी स्टीलचं ताट आपटलं तरी झोप मोडायची नाही. दिवाळीत ओट्याखाली पोरांनी सुतळी बॉम्ब लावला तेव्हा सगळी गल्ली हादरली, हा घोरत होता. दोन वर्षं त्याला काडीचं ऐकू येत नव्हतं.

एका पहाटे सुनंदानं मला हलवलं. "अहो, उठा. उठा ना."

भिंगऱ्या भिंतीकडे तोंड करून उभा होता. मागचे पाय लटपटत होते. पडका कानसुद्धा पुढे. बराच वेळ, पूर्वीपेक्षा खूप जास्त वेळ, जवळजवळ पाऊण तास तो तसाच उभा राहिला. मग भुंकला. घोगरा, म्हाताऱ्या माणसासारखा आवाज. थांबला. भुंकला. थांबला. भुंकला. आणि सावकाश खाली बसला.

घड्याळात पावणेसहा झाले होते. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सुनंदानं न बोलता खडू आणला. रेघ सेनगावच्या बाजूला गेली.

रजा टाकून आम्ही दोघं गेलो. एसटीनं हिंगोली, तिथून सेनगाव, मग जीप. विचारत विचारत भागामामींचा ठिकाणा सापडला. मामा दोन वर्षांपूर्वी गेले होते. मेंढ्या लग्न होऊन गेलेल्या मुलीनं विकायला लावल्या होत्या, आता मामी तिच्याकडेच. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण सुनंदाच्या आवाजावरून ओळखलं.

चहा झाला. मी विचारलं, "मामी, पहाटे उठता का अजून?"

"उठते की. सवय हाय. बसते वट्ट्यावर."

"काय करता?"

मुलगी हसली. "काय करती? नावं घेती. वाघूर न्हाई, मेंढरू न्हाई, तरी नावं. पंधरा दिवस झाले, नवीनच खूळ."

मामी म्हणाल्या, "आता कळप न्हाई तर वरसाचा हिशोब कशाला? समद्यांचीच घेते. सासूच्या वख्तापासूनची, आठवतील तेवढी. लई हायेत, बाबा. पाचाला बसते तर उजाडाया येतं." मग म्हणाल्या, "कुत्र्यांची शेवटाला घेते. भिंगऱ्याचं एकदम शेवटाला."

मी कप खाली ठेवला.

मामींनी चाचपडत माझा हात शोधला. "हाय का वो तो? म्हातारा झाला आसंल. त्याला ऐकू येतं का अजून?"

सुनंदा माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं मी ताट आपटून बघितलं होतं ते.

"येतं मामी," मी म्हणालो. "रोज येतं."

मामींनी मान हलवली, बराबर हाय म्हटल्यासारखी, आणि चहाची कपबशी बाजूला सारली.

वडील असते तर त्यांनी विचारलं असतं, तू पाह्यलं का, सोताच्या डोळ्यानं? व्हय बाबा, पाह्यलं. दोनदा पाह्यलं. कळलं मात्र न्हाई.